काट्याने काटा काढावा, पण कोणता काटा?

गेल्या दिवाळीत मी इंदुरीला आत्याकडे गेले होते. तळेगाव-चाकण रस्त्यावरचं, इंद्रायणीकाठचं हे गाव. दाभाडे सरदारांची गढी, गढीत कडजाईचं देऊळ, आणि जवळच भंडारा डोंगर. आत्याच्या अंगणात रांगोळीसाठी जागा करायची म्हणून कुंड्या हलवत होते. त्यात आतेभावाने नर्सरीतून आणलेलं एक छोटं निवडुंग होतं. सशाच्या कानांसारखे दोन-तीन चपटे फड, त्यावर सोनेरी मऊ ठिपके, लांब काटा एकही नाही. कुंडी हातातून निसटायला लागली आणि मी ते झाडच तळहाताने धरलं.

टोचल्याचं फारसं जाणवलंसुद्धा नाही. मिनिटभराने हात चुरचुरायला लागला. बघते तर तळहातावर सोनेरी लव उगवल्यासारखी दिसत होती. मग मी सगळ्यात चुकीची गोष्ट केली, हात ओढणीला पुसला. ती ओढणी गळ्यात होती. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

दहा मिनिटांत घरात चार उपचार सुचवले गेले. आत्याने सुई आणली. शेजारच्या काकू म्हणाल्या, गूळ गरम करून लावा, काटा वर येतो. आतेभाऊ चिकटपट्टी घेऊन आला. आत्याच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी माझा हात उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "अगं, काट्यानं काटा निघतो, पण ह्यो काटा न्हवं. हे कुसळ हाय."

माझी पीएच.डी. वनस्पतिशास्त्रात आहे, पानांवरच्या लवीवर. म्हणजे या विषयात घरात सर्वांत जास्त शिकलेली मी. पण नेमका प्रश्न त्या आजींनी विचारला: टोचलंय ते आहे काय? त्या रात्री मी वाचायला बसले आणि निवडुंगाच्या काट्यावरच्या प्रथमोपचाराचा इतिहास या एका प्रश्नाभोवतीच फिरत असल्याचं लक्षात आलं. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा पहिली सिनॉप्सिस लिहीत असाल, तर हा इतिहास तुमच्याही उपयोगाचा आहे. म्हणून तो सविस्तर सांगते.

काटा, कुसळ आणि सल

आधी शब्द बघू, कारण मराठीने हे काम आपल्यासाठी अर्धं करून ठेवलंय.

बाभळीचा काटा लांब, कडक, सरळ आणि गुळगुळीत असतो. देठाच्या तळाशी जी उपपर्णं असतात, त्यांचं हे रूपांतर. तो पायात शिरतो तसाच मागे ओढता येतो. मोडला तर टोक आत राहतं, पण ते दिसतं, बोटाला लागतं. अशा वेळी दुसरा तीक्ष्ण काटा घेऊन वरची कातडी थोडी उकरायची आणि टोक वर उचलायचं. "काट्याने काटा काढणे" ही म्हण होण्याआधी रानात अनवाणी चालणाऱ्या माणसाची एक पद्धत होती. जवळ सुई नसते, काटे मात्र हवे तेवढे असतात.

कुसळ वेगळं. दिवाळीच्या सुमारास भंडारा डोंगरावर चढून बघा, मोजे कुसळी गवताने भरतात. ते कुसळ पुढे सरकतं, मागे येत नाही, कारण त्याच्यावर उलट्या दिशेचे बारीक केस असतात. फड्या निवडुंगाच्या फडावर जे ठिपके दिसतात, त्यांत दोन प्रकारची हत्यारं असतात. एक म्हणजे लांब काटे, ही पानांची रूपांतरं. दुसरी म्हणजे शेकड्यांनी दाटलेली, काही मिलिमीटर लांबीची, केसासारखी कुसळं. यांना शास्त्रीय भाषेत ग्लॉकिड म्हणतात. प्रत्येक ग्लॉकिडवर माशाच्या गळासारखे उलटे दात असतात आणि त्याचं बूड झाडाला इतकं सैल चिकटलेलं असतं की नुसत्या स्पर्शाने ते सुटून येतं. माझ्या हातात तेच होतं. खाजकुयलीसारखं रसायन त्याला लागत नाही, उलट दातच पुरतात.

तिसरा शब्द सल. हा संस्कृत शल्यापासून आला. आत राहून गेलेलं आणि दुखत राहणारं ते शल्य. मनात सल राहते असं आपण म्हणतो, तेव्हा वापरतो तो शस्त्रवैद्याचा शब्द.

सुश्रुताचं वर्गीकरण

आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेच्या शाखेचं नावच शल्यतंत्र आहे. म्हणजे "अंगात रुतलेली वस्तू बाहेर काढणे" या कामावरून एका पूर्ण शाखेला नाव मिळालं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 26 वा अध्याय आत हरवलेलं शल्य शोधायचं कसं यावर आहे आणि 27 वा ते काढायचं कसं यावर.

शोधण्याच्या अध्यायातली एक युक्ती मला फार आवडली. कातडीत शल्य आहे, पण दिसत नाही. मग तिथे थिजलेलं तूप, माती किंवा चंदनाचा लेप लावून थांबायचं. जिथे तूप आधी वितळेल किंवा लेप आधी वाळेल, तिथे शल्य आहे. मागचा तर्क असा की दाह असलेली जागा आजूबाजूपेक्षा गरम असते. उपकरण नसताना केलेली ही तापमानाची मोजणीच झाली.

काढण्याच्या अध्यायाची सुरुवात कशी होते ते मुद्दाम बघा. उपाय सांगण्याआधी सुश्रुत शल्याचे दोन गट करतो: घट्ट रुतलेलं आणि सैल असलेलं. मग सैल शल्यासाठी 15 उपाय येतात. पुसून काढणं, धुऊन काढणं, दाबून काढणं, चोखून काढणं, पिकू देणं, लोखंडाचं असेल तर लोहचुंबक लावणं, असे. पुढे ओढायच्या दिशेचाही विचार आहे. फार खोल न गेलेलं शल्य आलं त्याच वाटेने मागे घ्यायचं, पार पलीकडे पोचलेलं असेल तर पुढच्या बाजूने काढायचं.

हत्यारांच्या यादीत 101 यंत्रं आहेत आणि त्यांत संदंश नावाचे दोन चिमटे आहेत, कातडी आणि मांसातली शल्यं धरण्यासाठी. आपल्या स्वयंपाकघरातली सांडशी ही या संदंशाचीच नात. आणि या सगळ्या यंत्रांत प्रधान कोणतं, तर वैद्याचा हात.

यातले सगळे उपाय आज वापरावेत असं मी म्हणत नाहीये. चोखून काढणं तर अजिबात नको, कुसळं जिभेत जातील. मुद्दा क्रमाचा आहे. आधी "काय रुतलंय", मग "कसं रुतलंय" आणि तिसऱ्या क्रमांकावर "काय करायचं". आपण बहुतेक वेळा तिसऱ्यावरून सुरुवात करतो.

निवडुंग एक, झाडं अनेक

आता एक अडचण. सुश्रुताला फड्या निवडुंग माहीत असणं शक्यच नव्हतं. कॅक्टस कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती मुळात अमेरिका खंडातल्या. कोलंबसाच्या सफरींनंतर त्या जगभर गेल्या. आपल्याकडचं मूळचं निवडुंग म्हणजे त्रिधारीसारखी झाडं. ती युफोर्बिया वंशातली. दिसायला काटेरी, मांसल, पण नातं एरंडाच्या कुळाशी. त्यांना पांढरा चीक असतो आणि तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. फड्या निवडुंगाला असा दुधी चीक नसतो, पण कुसळं असतात. म्हणजे एकाच नावाखाली दोन झाडं आणि दोन वेगळे प्रथमोपचार. त्रिधारीला पहिली काळजी डोळ्याची आणि भरपूर पाण्याने धुण्याची. फड्याला पहिली काळजी हात कुठेही न पुसण्याची.

पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं मंदिर आहे. तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात तिथे मुक्कामाला असते. निवडुंगाच्या रानात मूर्ती सापडली म्हणून हे नाव, असं सांगतात. या नावाचा आधार घेऊन "त्या काळी पुण्यात कॅक्टस होता" असं कुणी लिहिलं, तर गाईडने लाल पेनाने खूण करायला हवी. नाव निवडुंग म्हणतं. ते त्रिधारी की फड्या, हे नाव सांगत नाही. जुने कागद वाचताना लोकनाम आणि शास्त्रीय जात यांच्यात उडी मारायची नसते, हे मी याच उदाहरणावर शिकले.

फड्या निवडुंग भारतात पसरला त्यात लाल रंगाचा मोठा हात होता. या झाडावर कोचिनील नावाचे किडे वाढतात. ते चुरडले की गडद किरमिजी रंग मिळतो. स्पेनने मेक्सिकोतल्या या रंगावर भरपूर पैसा केला होता आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो धंदा हिंदुस्थानात हवा होता. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बाग केली. 1795 मध्ये कॅप्टन नील्सन यांनी ब्राझीलहून हे किडे कलकत्त्याला आणले. पण आणलेला किडा भलताच निघाला. उत्तम रंग देणारी पाळीव जात ती नव्हतीच. ती होती हलका रंग देणारी रानटी जात. रंगाचा धंदा बसला. झाडं मात्र राहिली. कुंपणाला जनावर घुसत नाही, पाणी द्यावं लागत नाही, तुकडा टाकला तरी रुजतो, म्हणून शेताच्या बांधांवर आणि गावांच्या कडेला ती वाढत गेली.

लोकांनी या झाडाशी जमवूनही घेतलं. पोरं त्याची लाल बोंडं खात, पण आधी दगडावर किंवा मातीत घासून. दुष्काळात फड विस्तवावर धरून काटे जाळत आणि मग गुरांना घालत. हे प्रतिबंधाचे उपाय आहेत आणि उत्तम आहेत. कुसळ जाळलं किंवा घासून काढलं की प्रथमोपचाराची वेळच येत नाही.

एक काटा किती महाग पडू शकतो

"काटाच तर आहे, निघेल आपोआप." हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण बहुतेक वेळाच.

हेन्री वँडाइक कार्टर हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणाने माहीत असेल. 1858 मध्ये निघालेल्या ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातली चित्रं त्यांची. त्याच वर्षी ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. पुढे ते साताऱ्यालाही सिव्हिल सर्जन होते. इथे त्यांच्याकडे असे रुग्ण येत, ज्यांचा पाय सुजून बेढब झालेला, त्याला अनेक तोंडं पडलेली आणि त्यातून काळे किंवा पिवळट-पांढरे कण बाहेर पडणारे. मदुराई भागात हा आजार आधीच नोंदला गेला होता, म्हणून त्याला मदुरा फूट म्हणत. कार्टर यांनी त्याला मायसेटोमा हे नाव दिलं, त्यामागे बुरशी असल्याचं मांडलं आणि 1874 मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ लिहिला.

आज आपल्याला माहीत आहे की हे जंतू मातीत असतात आणि काट्याच्या किंवा तशाच छोट्या जखमेतून आत जातात. रुग्ण बहुतेक अनवाणी काम करणारे शेतकरी, मजूर, गुराखी. सूज दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्ष होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये मायसेटोमाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. आणि इथेही "कोणता" हाच प्रश्न आहे. काही मायसेटोमा बुरशीमुळे होतात, काही जिवाणूंमुळे. वरून पाय सारखाच दिसतो, औषधं मात्र पूर्ण वेगळी.

फड्याच्या कुसळांचीही अशी एक गोष्ट आहे. 1956 मध्ये इस्रायलमधल्या शानन आणि सागर या दोन डॉक्टरांनी निवडुंगाची फळं हाताळणाऱ्या कामगारांच्या अंगावरच्या पुरळाबद्दल लिहिलं. पुरळ खरजेसारखं दिसत होतं. पण कारण खरजेचा किडा नव्हता, कातडीत शिरलेली कुसळं होती. विचार करा, अशा कामगाराला खरूज समजून मलम दिलं, घरातल्यांपासून वेगळं झोपवलं, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच तोडणीला गेला. आजार कसा बरा होणार? 1971 मध्ये श्रायबर आणि सहकाऱ्यांनी कातडीत राहिलेल्या निवडुंगाच्या काट्यांभोवती होणाऱ्या गाठींवर लिहिताना त्यामागे ॲलर्जीची प्रतिक्रिया असल्याचं मांडलं. म्हणजे सल राहिली की शरीर तिच्याभोवती भिंत बांधतं आणि त्या बारीक गाठी पुढे बरेच दिवस, काही वेळा महिनोन्‌महिने राहतात.

म्हणून कुसळं लवकर आणि जास्तीत जास्त काढणं महत्त्वाचं. पण कशाने?

1987 चा साधा प्रयोग

सुई, चिमटा, चिकटपट्टी, गोंद, चेहऱ्याला लावायचा मास्क असे उपाय अमेरिकेतही लोक एकमेकांना सांगतच होते. प्रत्येकाला आपल्या उपायाची खात्री. 1987 मध्ये मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी बालरोगांच्या एका अमेरिकन नियतकालिकात दोन पानांचा शोधनिबंध छापला. त्यांनी सशांच्या कातडीत निवडुंगाची कुसळं रुतवली आणि वेगवेगळ्या उपायांनी किती टक्के निघतात ते मोजलं.

निकाल असे: नुसत्या चिमट्याने 76 टक्के. घरगुती पांढऱ्या गोंदाचा पातळ थर देऊन त्यावर गॉज ठेवायचं, वाळू द्यायचं आणि सोलून काढायचं, याने 63 टक्के. चेहऱ्याच्या मास्कने सुमारे 40 टक्के. चिकटपट्टीने त्याहूनही कमी, 30 टक्क्यांच्या आसपास. आणि आधी चिमट्याने झुबके काढून मग गोंद-गॉज, असं दोन्ही मिळून केलं तर 95 टक्के.

मला यातली शेवटची ओळ मोलाची वाटते. 76 आणि 63 यांतला एक विजेता निवडून ते थांबले असते, तर चिमटा जिंकला असता आणि चौथा हिस्सा कुसळं आतच राहिली असती. पण दोन्ही उपाय वेगवेगळी कुसळं काढतात. चिमटा झुबके आणि दिसणारी कुसळं काढतो. गोंद न दिसणारी, आडवी पडलेली, डोळ्याला न सापडणारी कुसळं धरतो. चिकटपट्टी का हरते, तेही समजण्यासारखं आहे. पट्टी कुसळाला फक्त वरून, एका बाजूने चिकटते. ओला गोंद त्याच्या चहूबाजूंनी जातो आणि मग वाळतो.

प्रयोगाच्या मर्यादाही लक्षात ठेवा. सशाची कातडी आपल्या तळहातासारखी जाड नसते. ससा हात ओढणीला पुसत नाही. तरीही आधी फक्त मतं होती, आता तुलना झाली. रिसर्च गॅप म्हणजे काहीतरी भव्य अज्ञात असलं पाहिजे असं आपल्याला वाटतं. इथे गॅप एवढीच होती की सगळे उपाय शेजारी ठेवून कुणी मोजलं नव्हतं.

मग आपल्याकडे हा उपाय का नव्हता?

इंदुरीतल्या त्या घरात बाभळीच्या काट्याचं ज्ञान पुरेपूर होतं. फड्याच्या कुसळाचं नव्हतं. याचं उत्तर मला निवडुंगाच्या मरणात सापडलं.

1795 मध्ये चुकून आलेल्या त्या रानटी कोचिनील किड्याने रंग दिला नाही, पण निवडुंगाची एक जात खाऊन जवळजवळ संपवली. म्हणून तो मुद्दाम 1836 ते 1838 च्या दरम्यान दक्षिण भारतात आणि 1860 च्या दशकात श्रीलंकेत नेला गेला. किड्याने तण संपवण्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. पण तो किडा एकाच जातीवर जगत होता. दख्खनमधल्या इतर फड्या निवडुंगांना त्याने तोंडही लावलं नाही. त्यांच्यासाठी दुसरी जात हवी होती. ती 1926 मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणली गेली आणि पुढच्या काही वर्षांत मैलोन्‌मैल पसरलेली निवडुंगाची रानं कोसळली. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियातही अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी कोट्यवधी एकरांवरचा निवडुंग साफ केला. पुन्हा तोच धडा: कोणत्या निवडुंगाला कोणता किडा, हे जुळलं तेव्हाच काम झालं.

यावरून मी एक अंदाज करते, आणि तो अंदाज म्हणूनच वाचा. त्या ऐंशी वर्षांच्या आजींचा जन्म निवडुंग संपल्यानंतरचा. त्यांच्या सासूने कदाचित रोज कुसळं काढली असतील. पण झाड गेलं, टोचणं गेलं, आणि टोचलं तर काय करायचं ते सांगण्याचं कारणही गेलं. राहिला तो शब्द. "कुसळ हाय" एवढं त्यांना सांगता आलं, पुढचा उपाय सांगता आला नाही. हा अंदाज तपासायचा असेल तर मावळातल्या आणि कोकणातल्या वृद्धांच्या मुलाखती घेऊन दोन्हीकडची तुलना करावी लागेल. कुणाला विषय हवा असेल तर घ्या.

घाई यासाठी की निवडुंग परत येतोय. नर्सरीतल्या कुंड्यांत तो आहेच. सांगली-सोलापूरकडे ड्रॅगन फ्रूटचे मळे उभे राहिलेत, तेही निवडुंगाच्याच कुळातलं. उरुळी कांचनला बाएफ संस्था बिनकाट्याच्या निवडुंगाचा चारा म्हणून अभ्यास करते. दुष्काळी भागाला हा चारा खरंच उपयोगी पडू शकतो. पण बिनकाट्याचा म्हणजे लांब काटे नसलेला. अशा अनेक वाणांवर बारीक कुसळं थोडीफार असतातच. चारा कापणाऱ्या बाईच्या हाताला ती लागणार, आणि तिच्याकडे त्याचा उपाय हवा.

टोचलं तर काय कराल

1. हात चोळू नका, कपड्याला पुसू नका, दाबू नका. दुसऱ्या हाताला हातमोजा घाला किंवा जाड कापड गुंडाळा. फडाचा अख्खा तुकडा चिकटला असेल तर तो कंगव्याने उडवा.

2. उन्हात किंवा टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा, भिंग असेल तर उत्तम. लांब काटे चिमट्याने कातडीजवळ धरून शिरले त्याच दिशेने सरळ मागे ओढा. मग कुसळांचे झुबके काढा. दर वेळी चिमटा ओल्या कापसाला पुसा.

3. उरलेल्यांसाठी पांढऱ्या गोंदाचा पातळ थर द्या. लाकडाला किंवा शाळेच्या हस्तकलेला वापरतात तो, फेव्हिकॉलसारखा. त्यावर गॉजचा एकेरी तुकडा दाबा. पूर्ण वाळू द्या, साधारण अर्धा तास. मग एका कडेने सोला. गरज वाटली तर पुन्हा करा. क्षणात चिकटणारा गोंद कधीही वापरू नका, तो कातडीच धरून ठेवतो. उघड्या जखमेवर, डोळ्यांजवळ, ओठांवर गोंद लावू नका.

4. शेवटी साबण-पाण्याने धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा, आठवत नसेल तर दवाखान्यात विचारा. रुईचा चीक, बिब्बा यांपासून दूर राहा, दोन्ही कातडी भाजतात. अंगावरचे कपडे वेगळे ठेवा.

5. डोळ्यात गेलं, सांध्यात काटा मोडला, खोल शिरून दिसेनासा झाला, लाली पसरायला लागली, पू किंवा ताप आला, किंवा काही आठवड्यांनी न दुखणारी गाठ दिसली, तर घरी उकरत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि "निवडुंगाचं कुसळ गेलं होतं" असं स्पष्ट सांगा. नाहीतर तुमच्या गाठीची भलतीच चौकशी सुरू होईल.

माझ्या हाताचं काय झालं? त्या रात्री चिमटा, मग आतेभावाच्या दप्तरातला गोंद आणि प्रथमोपचार पेटीतलं गॉज. सकाळी हात पुष्कळ बरा होता. गळ्यावरच्या तीन-चार जागा मात्र आठवडाभर चुरचुरत होत्या. आधी किती कुसळं होती आणि नंतर किती राहिली, हे मी मोजलं नव्हतं. म्हणून माझा अनुभव पुरावा होत नाही आणि तुम्हीही तो तसा वापरू नका.

परत निघाले तेव्हा आत्याच्या सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांना गोंदाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् भाताचं कुसळ डोळ्यात गेलं, तर काय करशील? तिथं बी गोंद?" मी म्हटलं, नाही, तिथे फक्त पाणी आणि डॉक्टर. त्या म्हणाल्या, "मंग बरोबर."

तुमची सिनॉप्सिस लिहायला बसाल, तेव्हा उपायाआधी हा एक प्रश्न वहीवर लिहून ठेवा: नेमकं टोचलंय काय?